खाणीतला नवखा कंत्राटदार आणि सर्वांत कमी दर

नाव विचारले तेव्हा त्या मुलाने आधी हातातल्या ओळखपत्राकडे पाहिले आणि मग नाव सांगितले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खुल्या कोळसा खाणीच्या फाटकावर, पावसाळ्याच्या तोंडावर, पहिल्या पाळीची माणसे आत जात असताना घडलेली ही गोष्ट. मी तेव्हा खाणीच्या व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला व्हीटीसी म्हणतात तिथे, शिकवत असे. ओळखपत्रावरच्या फोटोत मिशीवाला, चाळिशीचा माणूस होता आणि समोर उभा असलेला मुलगा जेमतेम विशीचा. पंपांचे पाइप वरच्या बेंचवर, म्हणजे खाणीच्या वरच्या पायरीवर, सरकवणे आणि लायटिंग टॉवरच्या केबली हलवणे, असे आठ-दहा दिवसांचे काम एका कंत्राटदाराला मिळाले होते. शहरात इमारतींच्या वीजजोडणीची कामे त्याने बरीच केली होती. खाणीत येण्याची ही त्याची पहिलीच वेळ. प्रशिक्षण झालेली चार माणसे त्याने एका जुन्या ठेकेदाराकडून कागदावर उसनी घेतली होती आणि प्रत्यक्षात गावाकडून चार मुले आणली होती. मी त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तो चिडला नाही. तो म्हणाला, "साहेब, काम आठ दिवसांचं आणि ट्रेनिंग बारा दिवसांचं. त्या बारा दिवसांची हजेरी मी कशातून भरू?"

मुलांना परत पाठवले, कंत्राटदाराला नोटीस गेली आणि फाटकावरची तपासणी महिनाभर कडक राहिली. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर ना माझ्याकडे होते, ना नोटीस काढणाऱ्यांकडे. पुढे अनेक वर्षे नवे कंत्राटदार येताना पाहिले आणि माझे मत पक्के होत गेले. खाणीत पहिल्यांदा येणारा कंत्राटदार सुरक्षेचे नियम मोडतो, त्याचे मुख्य कारण त्याचे अज्ञान किंवा बेपर्वाई हे नसते. ज्या निविदेतून तो निवडला जातो, त्या निविदेतच नियम पाळणाऱ्याचा दर वर जातो आणि नियम गुंडाळून ठेवणाऱ्याला काम मिळते. म्हणून सुरक्षेचा आणि प्रशिक्षणाचा खर्च दराच्या स्पर्धेतून बाहेर काढल्याशिवाय कितीही फाटके, कितीही पास आणि कितीही नोटिसा लावल्या, तरी उसन्या नावाची माणसे आत जातच राहतील.

कायदा या बाबतीत मोघम नाही. १९५२ च्या खाण अधिनियमात मालकाच्या व्याख्येतच म्हटले होते की, खाण किंवा खाणीचा एखादा भाग चालवण्याचे काम घेणारा कंत्राटदार हा मालकासारखाच कायद्याला बांधील राहील, मात्र त्यामुळे मूळ मालकाची जबाबदारी सुटणार नाही. खाणवाल्यांनी हे वाक्य कार्यालयाच्या भिंतीवर लावावे असे मला नेहमी वाटत आले आहे, कारण रोजच्या व्यवहारात दोन्ही बाजू त्याचा अर्धाच भाग वाचतात. खाण व्यवस्थापन म्हणते, काम ठेक्यावर दिले, आता तुमची माणसे तुम्ही सांभाळा. कंत्राटदार म्हणतो, खाण तुमची, मॅनेजर तुमचा, पाळीवर देखरेख करणारे ओव्हरमन आणि सरदार तुमचे, मी फक्त माणसे आणि यंत्रे पुरवतो. दोघांमध्ये जी जागा रिकामी राहते, तिथे तो विशीतला मुलगा उभा असतो.

१९६६ च्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार खुल्या खाणीत किंवा जमिनीवरच्या कामावर लागणाऱ्या नव्या माणसाला बारा कामाच्या दिवसांचे आणि भूमिगत खाणीत उतरणाऱ्याला चोवीस दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याआधी प्रारंभिक वैद्यकीय तपासणी, मग फॉर्म बी, म्हणजे कामगारांच्या नोंदणीच्या रजिस्टरमध्ये नोंद, मग पास. हा क्रम कागदावर सरळ आहे आणि बहुतेक ठिकाणी कागद पूर्ण असतातही. नवख्या कंत्राटदाराची अडचण अशी की, शहरातल्या कामावर त्याला एवढे कधीच लागलेले नसते. तिथे त्याची माणसे सोमवारी सकाळी नाक्यावरून उचलली जातात आणि दहा वाजता कामाला लागलेली असतात. त्यामुळे खाणीतली ही सगळी साखळी त्याला फाटकावरची अडवणूक वाटते आणि ती कशीबशी ओलांडायची, एवढेच त्याच्या डोक्यात राहते. आत गेल्यावर धोका नेमका कुठे आहे, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

आणि ते दाखवावेच लागते, सांगून कळत नाही. त्या प्रसंगानंतर मी त्याच कंत्राटदाराला एका ८५ टनी डंपरच्या चालकाच्या जागेवर बसवले. डंपर बंद होता, चाकांना ओट लावलेले होते आणि इंजिनाची चावी माझ्या खिशात होती. शिडी चढून तो वर गेला तेव्हाच जरा गप्प झाला, कारण तिथून जमीन एका मजल्याएवढी खाली दिसते. मी त्याला म्हटले, "तुमची बोलेरो कुठे उभी आहे ते सांगा." त्याने समोर पाहिले, डाव्या आरशात पाहिले, उजव्या आरशात पाहिले, मान वळवून मागे पाहिले. या डंपरमध्ये चालक डावीकडे बसतो, त्यामुळे उजव्या अंगाचा मोठा पट्टा त्याच्या नजरेत येतच नाही. बोलेरो त्याच पट्ट्यात, पुढच्या उजव्या चाकापासून चार पावलांवर उभी होती आणि तिच्यात त्याचा ड्रायव्हर बसलेला होता. शेवटी त्याने ड्रायव्हरला फोन करून विचारले, "अरे, तू आहेस कुठे?" खिडकीतून हात बाहेर काढून ड्रायव्हरने तो हलवला, तरी वरून तो दिसला नाही.

खुल्या खाणींतल्या प्राणघातक अपघातांमध्ये डंपर, टिप्पर, टँकर आणि इतर अवजड यंत्रांचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे, हे खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, सातत्याने सांगत आले आहे. खाणीत नवा असलेला माणूस वाहनापासून दूर राहायचे म्हणजे त्याच्या मागे उभे राहायचे नाही, एवढेच जाणतो. शहरात ट्रकबाबत ते पुरते. हॉल रोडवर, म्हणजे डंपर धावतात त्या खाणीतल्या रस्त्यावर, मात्र लहान गाडीला उंच काठीवर झेंडा का लागतो, डंपर थांबलेला असताना त्याच्या शेजारी गाडी का लावायची नाही, टिप्परचा हौदा उचललेला ठेवून वीजवाहिनीखालून का जायचे नाही, कोळसा वाहून नेणाऱ्या चालू पट्ट्याखालचा कोळसा फावड्याने का ओढायचा नाही, हे प्रत्येक "का" कुणाच्या तरी मृत्यूनंतर नियमात आलेले आहे. बारा दिवस जे शिकवायचे असतात, ते हे.

याहून खोल गोष्ट आणखी एक आहे. इमारतीच्या कामात जमीन गृहीत धरता येते. खाणीत जमीन हेच काम असते आणि ती रोज बदलत असते. काल उभा असलेला बेंच आज कापलेला असतो, काल रिकामी असलेली जागा आज मातीच्या ढिगाखाली गेलेली असते. आमच्या विदर्भात या ढिगात काळी माती असते. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक होते, भेगा पडतात, आणि जुलैत त्याच भेगांतून पाणी आत शिरले की तोच ढीग पाय सोडतो. जुना सरदार ढिगाच्या माथ्यावरची बोटभर रुंदीची भेग पाहून माणसे मागे घेतो. नव्याला ती भेग म्हणजे उन्हाने तडकलेले शेत वाटते. भूमिगत खाणीत तर धोका दिसतही नाही. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ माणसे गेली. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला इथे लगतच्या जुन्या, पाणी साचलेल्या खोदकामातून लोंढा आला आणि ३७५ माणसे बुडाली; त्या प्रकरणात न्यायालयाने दोन तत्कालीन अधिकाऱ्यांना दोषी ठरवले ते २०१२ मध्ये. या दोन्ही ठिकाणी पाणी भिंतीपलीकडे होते.

या दोन घटना जुन्या, राष्ट्रीयीकरणाच्या काळाच्या अलीकडच्या-पलीकडच्या. आजच्या खाणकामाची व्यवस्था ज्या घटनेत दिसते ती म्हणजे झारखंडमधल्या राजमहल प्रकल्पाची. २९ डिसेंबर २०१६ च्या संध्याकाळी तिथे मातीचा प्रचंड भाग घसरला. सुमारे ३०० मीटर लांब आणि ११० मीटर रुंद पट्टा खाली गेला आणि सुमारे ९५ लाख घनमीटर माती हलली, असे तेव्हा जाहीर करण्यात आले. २३ कामगार मेले. ते सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीच्या खाणीत काम करणारे, पण कंत्राटदाराचे कामगार होते. खाण सरकारी, माती उचलणारे हात ठेक्याचे, हे आता कोळसा खाणींत सर्रास आहे. आमच्या वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, पट्ट्यातही वणी, माजरी, बल्लारपूर, उमरेड, जिथे जावे तिथे ओबी, म्हणजे कोळशावरची माती आणि दगड, उचलणारे ताफे बहुधा कंत्राटदारांचे दिसतात. त्याला माझा सरसकट विरोध नाही. मोठ्या कंत्राटदारांपैकी काहींची यंत्रे नवी असतात आणि त्यांचे सुरक्षा अधिकारी मन लावून काम करतात. माझी चिंता त्यांच्या खालच्या थरातल्यांची आहे, म्हणजे पोटकंत्राटदार, टँकरवाले, वेल्डिंगवाले, कुंपणवाले, रंगारी, सीसीटीव्ही बसवणारे. यांच्यातले कितीतरी जण खाणीत पहिल्यांदाच पाऊल टाकतात आणि दहा-पंधरा दिवसांत निघूनही जातात.

असा माणूस निविदा भरतो तेव्हा काय करतो ते पाहा. कामाची यादी समोर असते: एवढे मीटर केबल, एवढे जोड, एवढे दिवस. त्यावर दर टाकायचा. बारा दिवसांचे प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, बूट, हेल्मेट, परावर्तक जाकीट, वाहने मागे घेताना उभा करायचा स्पॉटर, विजेचा शटडाऊन मिळेपर्यंत बसून राहिलेल्या माणसांची मजुरी, या सगळ्यांसाठी यादीत बहुधा एकच वाक्य असते: सुरक्षेच्या सर्व तरतुदींचे पालन कंत्राटदाराने स्वखर्चाने करावे. जो हे वाक्य खरे मानतो, तो त्याचा खर्च प्रत्येक मीटरवर चढवतो. जो मानत नाही, तो चढवत नाही. लिफाफे उघडले की दुसऱ्याचा दर खाली असतो आणि काम त्याला मिळते. पहिल्याने पुढच्या वेळी काय करावे, अशी आपली अपेक्षा आहे?

वस्तू व सेवा कर दरात मिसळू नका, तो वेगळा दिला जाईल, असे निविदांमध्ये सर्रास लिहिलेले असते. कराच्या बाबतीत कोणी कमी दराची बोली लावत नाही. कोल इंडियाच्या खाणींत खाणकामावरच्या कंत्राटी कामगारांना उच्चाधिकार समितीने ठरवलेले वेतन द्यावे लागते, म्हणजे तत्त्वतः मजुरीही स्पर्धेतून बाहेर काढलेली आहे. (प्रत्यक्षात ती पूर्ण हातात पडते का, हा वेगळा आणि दुखरा विषय आहे.) मग प्रशिक्षणाचा दिवस आणि स्पॉटरची हजेरी स्पर्धेत का ठेवायची? खाणीने आपल्या अनुभवावरून ठरवावे की या कामाला इतकी माणसे, इतके प्रशिक्षणाचे दिवस, इतके स्पॉटर आणि ही साधने लागतील. त्याची रक्कम निविदेत छापून टाकावी, कोणालाही ती कमी करता येऊ नये, आणि काम झाल्यावर हजेरी व प्रमाणपत्रे पाहून ती प्रत्यक्षात खर्च झाली तेवढीच द्यावी. खर्च झाला नाही तर पैसे नाहीत, आणि त्या पैशातून नफाही नाही. कामाची मुदतही कार्यादेशाच्या तारखेपासून न मोजता शेवटच्या माणसाचे प्रशिक्षण संपले त्या दिवसापासून मोजावी, म्हणजे दंडाच्या भीतीने बारा दिवसांचे चार दिवस करण्याचा मोह राहणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेचा मसुदा करणाऱ्या समितीने ठरवले तर पुरे.

यावर खर्च वाढेल असे म्हटले जाते. तो वाढणार नाही, तो दिसू लागेल. आज तो खर्च कोणी करत नाही असे थोडेच आहे; तो कामगाराच्या शरीरावर, त्याच्या घरच्यांवर आणि अपघात झाल्यावर थांबणाऱ्या खाणीवर पडतो. एका जीवघेण्या अपघातानंतर काम बंद राहते, चौकशी बसते, भरपाई द्यावी लागते, आणि उत्पादनाचे जे दिवस जातात त्यांच्या शेजारी बारा दिवसांच्या चार हजेऱ्या ठेवून पाहाव्यात. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: आठ दिवसांच्या कामासाठी बारा दिवस शिकवणे हे मुळातच विसंगत आहे. त्यात तथ्य आहे. म्हणून प्रशिक्षण माणसाच्या मालकीचे करायला हवे. ज्या कामगाराने एकदा बारा दिवस पूर्ण केले, त्याचे प्रमाणपत्र त्याच्या स्वतःच्या हातात, फोटो आणि बोटाच्या ठशासह असावे, ते पुढच्या खाणीत मान्य व्हावे आणि तिथे त्याला फक्त त्या खाणीचे धोके एका-दोन दिवसांत प्रत्यक्ष जागेवर दाखवावेत. अमेरिकेत १९७७ च्या खाण कायद्याने खाणीत सेवा देणाऱ्या स्वतंत्र कंत्राटदाराला सरळ खाणचालकाच्या व्याख्येत घेतले. तिथे नव्या खाणकामगाराला जमिनीवरच्या खाणीसाठी चोवीस तास आणि भूमिगत खाणीसाठी चाळीस तासांचे प्रशिक्षण असते आणि नोंदीची प्रत कामगाराला मिळते. आपले बारा आणि चोवीस दिवस त्याहून जास्त आहेत, याचा मला अभिमान वाटतो. पण आपल्याकडे ते प्रमाणपत्र व्यवहारात ठेकेदाराच्या फाइलमध्ये राहते, आणि फाइलमध्ये राहते म्हणूनच उसने देता येते.

उसन्या नावाचा धोका फक्त अप्रशिक्षित माणूस आत जाण्यापुरता नाही. ढीग कोसळला किंवा पाणी घुसले, तर पहिला प्रश्न असतो: आत कोण आणि किती? फॉर्म बी रजिस्टर आणि हजेरी हीच त्या वेळची एकमेव साक्ष असते. ज्या रजिस्टरमध्ये चाळिशीच्या माणसाचे नाव आहे आणि ढिगाखाली विशीतला मुलगा आहे, तिथे त्याच्या आईला कोणते कार्यालय काय सांगणार, आणि भरपाई कोणाच्या नावावर निघणार?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९५२ चा खाण अधिनियम तिच्यात विलीन झाला. तिच्यात चांगले बरेच आहे. मालकाच्या कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा किमान पाच लाखांचा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जुन्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा पाच हजार रुपये होती. दंडाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचे आहे, आणि नियोक्त्याच्या व्याख्येत कंत्राटदाराचा स्पष्ट समावेश आहे. पण कंत्राटदाराला परवाना घ्यायला लावणारे, कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नास कामगारांवर गेली आहे. ज्या चार-आठ माणसांच्या टोळीविषयी मी लिहितो आहे, ती परवान्याच्या जाळीतून आधीही निसटत होती, आता तिच्याहून बऱ्याच मोठ्या टोळ्याही निसटतील. त्यांच्या बाबतीत कंत्राटाचा मसुदा हाच काय तो प्रत्यक्ष कायदा उरतो, म्हणून त्याच्यावर माझा इतका भर आहे.

हा प्रश्न कोळशापुरता राहणार नाही. गोव्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने थांबलेले लोहखनिजाचे काम लिलावांनंतर पुन्हा सुरू होते आहे, आणि मधल्या वर्षांत अनुभवी माणसे दुसरीकडे पांगली आहेत. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे काम वाढते आहे आणि त्याभोवती ट्रक, वर्कशॉप, बांधकाम अशी कामे घेणारे नवे स्थानिक कंत्राटदार उभे राहत आहेत. स्थानिकांना काम मिळावे, ही मागणी रास्तच आहे. पण जे हात कालपर्यंत धानाच्या बांधीत होते, त्यांना उद्या हॉल रोडच्या कडेला उभे करायचे असेल, तर मधले बारा दिवस कोणी तरी भरायला हवेत, आणि ते त्या तरुणाने किंवा त्याच्याइतक्याच नवख्या ठेकेदाराने भरावेत, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

त्या बोलेरोवाल्या कंत्राटदाराचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. डंपरवरून उतरल्यावर त्याने आपल्या चारही मुलांची नावे व्हीटीसीत लिहवली आणि त्यांच्या बारा दिवसांची मजुरी स्वतःच्या खिशातून दिली. फाटकावर कार्ड पाहून नाव सांगणारा तो मुलगा पहिल्या बाकावर बसायचा आणि चासनालाची गोष्ट त्याने मला दोनदा सांगायला लावली. पुढच्या वर्षी तसेच काम निघाले, तेव्हा कंत्राटदाराने प्रशिक्षणाचे दिवस, एक स्पॉटर आणि शटडाऊनचा वाट पाहण्याचा वेळ असे सगळे प्रामाणिकपणे दरात धरले. निविदा उघडली तेव्हा तो तिसरा होता. ज्याला काम मिळाले, तोही खाणीत पहिल्यांदाच येत होता, आणि त्याच्या माणसांची प्रमाणपत्रे दुसऱ्याच दिवशी फाटकावर हजर झाली होती.